येझदीचं फुल इंजिन घरी काढलं, अर्धं उद्यमनगरला नेलं : दुकानाचा (आणि माझाही) रिव्ह्यू

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. कारण मिस्त्रींनी स्वतःच सांगितलंय, "सायेब, नाव बिव काय टाकू नगा, हितं आधीच ढिगानं काम पडलंय, आन् लोकं फोन करून डोस्कं खात्यात." दुकानावर बोर्ड होता कधीतरी, आता नुसती गंजलेली पत्र्याची चौकट उरलीये. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेलात आणि बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं), क्रँक प्रेसिंग (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा, म्हणजे क्रँक, प्रेसवर सोडवून जोडणं) कोण करतं असं दोन चहाच्या टपऱ्यांवर विचारलंत तर असे चार-पाच मिस्त्री सापडतील, हे त्यातलेच एक. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा असला तरी या प्रकारच्या सर्व्हिसचा समजा, आणि मुख्य म्हणजे जुन्या गाडीचं इंजिन स्वतः उघडावं की नाही या प्रश्नात ज्यांची झोप उडालीये त्यांच्यासाठी आहे.

गाडी येझदी २५० मोटरसायकल, जुनी वाली, जिला सगळे क्लासिक म्हणतात. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९८४ साली सेकंडहँड घेतलेली. पाटणला पाटबंधारे खात्यात होते तेव्हा रोज हीच, कोयनेच्या पावसात सुद्धा. नंतर बारा-तेरा वर्षं साताऱ्याच्या घरामागच्या शेडमध्ये पोत्याखाली. मी मधे एकदा पेट्रोल-ऑइल टाकून चालू केली होती, झाली पण, मागे एवढा पांढरा धूर की शेजारच्या काकू म्हणाल्या डासांची गाडी आली का रे. वर खालून खट खट आवाज, आणि किक मारताना कॉम्प्रेशन असं काही लागतच नव्हतं, पाय लोण्यात जावा तसा खाली जायचा.

मेकॅनिक लोकांच्या भाषेत दोन कामं असतात, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे हेड, सिलिंडर, पिस्टन, इथपर्यंत. फुल म्हणजे खालची केस फोडून क्रँक बाहेर. येझदीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आहेत त्यामुळे फुल म्हटलं की गिअर पण टेबलावर येतात, ते आवडो न आवडो. पुण्यात जुन्या गाड्या करणाऱ्या एकाला फोटो पाठवले, त्याने फुल इंजिनचे पार्टसकट २२ हजार सांगितले आणि "दिवाळीनंतर बघू". तेव्हा मे चालू होता. मग मी म्हणलं च्यायला टू-स्ट्रोक तर आहे, हलणारे भाग तीनच, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टॅपेट नाही. घरीच करू.

हा तीन भागवाला हिशोब सगळेच करतात आणि सगळेच फसतात, कारण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खालची खोली हीच पंप असते. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली येतं, तिथे दाबलं जातं आणि मग पोर्टातून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, वर जातं. म्हणजे ती खोली हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना दोन रबरी सील असतात, पन्नास-साठ रुपयाची वस्तू, पण सगळं इंजिन त्यांच्यावर चालतं. डाव्या बाजूचं, म्हणजे क्लच आणि प्रायमरी चेनच्या बाजूचं सील गेलं की इंजिन तिकडचं गिअर ऑइल ओढून जाळतं, म्हणून तो पांढरा धूर. उजवीकडचं, पॉइंटच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या स्विचच्या) बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, रेस आपोआप वर जाते, आणि एक दिवस हायवेवर पिस्टन जाम. दुसरा प्रकार जास्त वाईट कारण धूर बिर काही दिसत नाही.

माझ्या गाडीचं गिअर ऑइल काढलं तर जेमतेम दोन कप निघालं. म्हणजे डावं सील नक्की. आणि ते बदलायला केस फोडायची गरज नसते बऱ्याचदा, पण खट खट आवाज होता त्यामुळे आशा नव्हती.

आता इथे एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. इंजिन स्वतः करायचं की नाही हे ठरवायच्या आधी फक्त हेड आणि सिलिंडर काढा. फ्रेममध्येच निघतं, तासाभराचं काम आहे. मग पिस्टन बाजूला करून कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकला जोडणारा दांडा) हातात धरा, रॉड सगळ्यात वर येईल असा क्रँक फिरवून ठेवा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवीकडे थोडा हलतो तो हललाच पाहिजे, तो दोष नाही, बरेच जण तिथेच घाबरतात. पण वर-खाली जरासुद्धा प्ले, म्हणजे ढिलाई, नको. माझ्यात टक टक असा चक्क ऐकू येत होता. हा प्ले असेल तर तुम्ही कितीही हुशार असा, तुमच्याकडे कितीही पाने असोत, काम लेथवाल्याकडे जाणारच आहे. कारण ह्या क्रँकला बोल्ट नाहीत, दोन जाड चकत्या आणि मधली पिन प्रेसने ठोकून बसवलेली असते. ती घरी निघत नाही. निघाली तरी सरळ बसत नाही. प्ले नसेल तर मात्र हाफ इंजिन घरी बिनधास्त करा, सिलिंडर बोअर करून आणायचा एवढंच बाहेरचं काम.

तर "स्वतः करायचं का" याचं माझं उत्तर असं झालं की उघडणं, धुणं, मोजणं, जोडणं माझं आणि बोअर, क्रँक मिस्त्रींचं. हे मी काही फार विचार करून ठरवलं नाही, पर्यायच नव्हता.

उघडण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो नाहीतर कादंबरी होईल. कव्हरचे पेच सगळे चपट्या खाचेचे आणि तीस वर्षं न निघालेले. साध्या स्क्रू ड्रायव्हरने दोन पेचांची डोकी खाल्ली, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, जो हातोडीने ठोकला की फिरतो, आणि बाकीचे सगळे एका ठोक्यात सुटले. सहाशे रुपयाची वस्तू आहे, आधी घ्या. डायनॅमोचा आर्मेचर काढायला आणि क्लच काढायला दोन वेगवेगळे पुलर लागतात, ते नाहीत म्हणून छिन्नी-हातोडी हातात घेणार असाल तर थांबा. आणि कुठलाही मोठा नट सोडवताना आधी आटे उलटे आहेत की सुलटे ते बघा, मी एका नटावर पाच फुटी पाइप घालून चुकीच्या बाजूला लटकलो होतो.

सगळं सुटं सामान अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवलं, प्रत्येक खड्ड्यात चिठ्ठी. मोबाईलवर दोनशे-सव्वादोनशे फोटो. गिअरच्या शाफ्टवर पातळ वायसर असतात, कागदासारखे, ते तेलाने केसला चिकटून बसतात आणि तुम्हाला वाटतं नव्हतेच. त्यांचे फोटो जास्त काढा.

एक घाण मी केली ती पण लिहितो. क्लच कव्हर चिकटून बसलं होतं, निघेना, तर मी कंटाळून मोठा स्क्रू ड्रायव्हर फटीत घातला आणि पिळला. निघालं. पण ज्या तोंडावर पॅकिंग बसतं तिथे एक ओरखडा पडला, नखाला लागेल एवढा. अॅल्युमिनियम मऊ असतं. तेव्हा म्हणलं एवढ्याने काय होतंय.

बेरिंगचं मात्र छान जमलं. केसमधून बेरिंग ठोकून काढायचे नसतात, केस गरम करायची. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे केस तापली की भोक मोठं होतं आणि बेरिंग आपणहून सोडतो. मी केस गॅसवर तव्यावर ठेवली, मधून मधून पाण्याचा थेंब टाकून बघायचं, चर्र झालं की उचलायची आणि लाकडावर एकदा आपटायची, टप्प करून बेरिंग खाली. बसवताना उलटं, नवीन बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये आणि केस तव्यावर, हाताने आत जातो. बायको पोळीच्या तव्यावरून दोन दिवस बोलली नाही, नवीन तवा २६० रुपये, हा पण इंजिनच्या खर्चात धरा.

आता दुकान.

क्रँक, सिलिंडर आणि नवीन पार्ट बाजरीच्या पोत्यात घालून साताऱ्याहून एसटीने कोल्हापूरला. सव्वाशे किलोमीटर मांडीवर क्रँक. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हणलं इंजिनचा पार्ट, तो म्हणाला कुठली गाडी, येझदी म्हटल्यावर लगेजचं तिकीटच फाडलं नाही, त्याच्या चुलत्याकडे होती म्हणे, आणि मग कऱ्हाडपर्यंत एकाच लिव्हरमध्ये किक आणि गिअर दोन्ही कसं, आत दाबून वर उचलला की किक होतो, हे शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगत बसला. या गाडीचं हे एक आहे, रस्त्यात कोणीही ओळख काढतो.

दुकान म्हणजे दहा बाय तीसची बोळ. डाव्या हाताला दोन लेथ, शेवटी उभं बोअरिंग मशीन, हायड्रॉलिक प्रेस, जमिनीवर सगळीकडे लोखंडाचा चुरा, चप्पल घालूनच आत जा. मिस्त्री साठीच्या पुढचे. चष्मा दोऱ्याने बांधलेला. हाताखाली दोन पोरं.

मी आधीच शहाणपणा करून पुण्यात नाना पेठेतून अर्ध्या एमएमचा पिस्टन घेऊन ठेवला होता. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली होती, खाली ०.२५ चा शिक्का होता, म्हणजे मूळ ६५ एमएमचा बोअर एकदा पाव एमएम वाढवलाय, मग पुढचा साइझ अर्धा, सरळ हिशोब. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, बोअर गेज सिलिंडरमध्ये घातला, वर, मधे, पोर्टाच्या लेव्हलला, आडवा आणि उभा. मग म्हणाले, "हितं बघा. ६५.४२ झालाय, आन् ते बी अंड्यागत. अर्ध्यावर काढला तर निम्मा भाग टूलला लागायचाच न्हाई. पाऊण आणा." म्हणजे आधी मोजायचं, मग पिस्टन घ्यायचा, आणि मग जो पिस्टन प्रत्यक्ष हातात आहे त्याला मायक्रोमीटर लावून त्याच्याप्रमाणे बोअर करायचा. मी पहिली पायरीच गाळली होती. पिस्टन हातात नसताना सिलिंडर बोअर करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर तिथून निघा, कारण डबीवर ०.७५ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन शतांशात वेगळा भरतो.

पिस्टनवाल्याने कुरकुर करत बदलून दिला, डबी उघडलेली नव्हती म्हणून.

दुसरी फजिती कनेक्टिंग रॉड किटची. मैसूरची कंपनी १९९६ ला बंद पडली, त्यामुळे आता मिळतं ते एकतर कुठेतरी पडून राहिलेलं जुनं ओरिजिनल, ते सोन्याच्या भावात, नाहीतर नंतर कोणी कोणी बनवलेलं. २०२२ पासून जी नवीन येझदी आलीये ती फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी, तिचा आणि हिचा नावाशिवाय काही संबंध नाही, शोरूममध्ये जाऊन पार्ट विचारू नका, मी विचारलेत. तर मी ११०० चं किट आणलं होतं, चकचकीत, प्लास्टिकच्या पिशवीत. मिस्त्रींनी जुनी पिन प्रेसने काढली, नवीन पिन हातात घेतली आणि क्रँकच्या चकतीतल्या भोकात नुसती अंगठ्याने ढकलली. गेली आत. माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रेसनं जायला पायजे ती. ही घातली तर शंभर किलोमीटरात क्रँक फिरंल पिनवर, मग काय करनार?" भोक मोजून दाखवलं, भोक बरोबर होतं, पिनच कमी साइझची. दुसरं कोणी असतं तर घालून मोकळं झालं असतं आणि मी पण पैसे देऊन खूश होऊन आलो असतो. कळलंच नसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाचपैकी पाच देतो.

२४०० चं दुसरं किट आणलं, ते घातलं. क्रँक सरळ करताना मी मुद्दाम थांबलो बघायला. दोन टोकांवर सेंटरमध्ये धरतात, दोन्ही शाफ्टवर डायल गेजचा काटा टेकवतात आणि हाताने हळू फिरवतात. पहिल्यांदा काटा असा नाचत होता की मला वाटलं गेज बिघडलाय. मिस्त्रींनी फिरवून जास्तीचा बिंदू शोधला, खडूने खूण केली, क्रँक हातात उचलून तांब्याच्या हातोडीने चकतीच्या कडेवर एक ठोका. परत सेंटरमध्ये. परत ठोका. कधी दोन चकत्यांच्या मधे पाचर मारून जरा फाकवायचं. प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा. वीस-बावीस मिनिटं हे चाललं, मधे एकदा चहा आला तो तसाच गार झाला, आणि शेवटी काटा जवळजवळ स्थिर. ०.०३ एमएमच्या आत आणला. "नव्याला बी एवढंच असतंय," म्हणाले, त्यांचं म्हणणं आहे, मी नवीन क्रँक मोजलेला नाही. हे काम मी व्हिडीओ बघून शिकून घरी करेन असं मला मे महिन्यात वाटत होतं, नुसतं आठवलं तरी हसू येतं.

बोअरिंग आणि होनिंग (बोअर केल्यावर आतून दगडाने बारीक घासणं) पण उत्तम. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, सात शतांश एमएम ठेवला, मी म्हणलं जरा टाइट ठेवा म्हणजे जास्त टिकेल, तर म्हणाले हवेवर थंड होणारं इंजिन आहे, टाइट ठेवून घाटात जाम करायचंय का. होनिंगच्या तिरक्या रेघा छान एकमेकींना छेदणाऱ्या. आणि ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती ते त्यांनी न सांगता केलं, पोर्टच्या कडा घासून गोल केल्या. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, बोअर केल्यावर त्यांच्या कडांना ब्लेडसारखी धार येते, ती तशीच ठेवली तर रिंग तिथे अडकून तुटते. फक्त फोर-स्ट्रोकचं काम करणारे लेथवाले हे विसरतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तुम्ही सिलिंडर परत घेताना बोट फिरवून बघा, बोट कापलं तर परत द्या.

आता तक्रारी, कारण आहेत.

चार दिवस सांगितले आणि एकोणीस दिवस लावले. फोन उचलत नाहीत. म्हणजे खरंच नाही, एकदाही नाही. मी एकदा नुसता विचारायला म्हणून कोल्हापूरला गेलो तर सोमवार होता, दुकान बंद, रस्सा खाऊन परत. पावती मागितली तर पोराने वहीचा कागद फाडून दिला, त्यावर "एझडी बोर क्रॅक २०००" एवढंच. बोअर आणि होनिंगचे ८००, क्रँकचे १२००, रॉडच्या वरच्या टोकाचं बुश रीमर फिरवून पिनला बसवून दिलं ते त्यातच, दर रास्तच आहे, पण नंतर काही वांदा झाला तर दाखवायला कागद नाही हे लक्षात ठेवा.

आणि एक खरोखर राग येण्यासारखं. सिलिंडर तयार झाल्यावर त्याला तेल लावून ठेवायला पाहिजे होतं. जुलैचा पाऊस, कोल्हापूरची हवा, ताजा घासलेला बिडाचा सिलिंडर नुसता फरशीवर उघडा. मी घ्यायला गेलो तेव्हा आतून फिकट तांबूस. मिस्त्रींनी पोराला शिव्या घातल्या, परत होन फिरवून दिला, पैसे घेतले नाहीत, पण मी आलो नसतो तर अजून आठवडाभर तसाच राहिला असता. क्लिअरन्स परत मोजायला लावला, किंचित वाढला पण चालण्यासारखा. त्यामुळे सूचना, जाताना बरोबर टू-टी ऑइलची छोटी बाटली आणि जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन जा आणि काम झालं की ह्यात ठेवा असं पोराच्या हातात द्या, मिस्त्रींच्या नाही.

घरी आणल्यावर अजून एक काम तुमचंच असतं, धुणं. होनिंगची बारीक पूड रेघांमध्ये बसलेली असते, पेट्रोलने ती निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, ब्रशने घासायचं, मग पांढरी चिंधी फिरवायची, काळी आली की परत. मी सात वेळा धुतला. लगेच कोरडा करून तेल.

जोडणी हा सगळ्यात मजेचा भाग, आणि माझ्या मते घरी करायचं ते मुख्य ह्याचसाठी. कोणी घाई करत नाही, शेडमध्ये रेडिओ, आण्णा खुर्ची टाकून बसलेले, मधे मधे "तो वायसर राहिला बघ" असं म्हणणारे. त्यांना ऐंशीव्या वर्षी काल काय जेवलो आठवत नाही पण क्लचच्या प्लेटा कुठल्या क्रमाने हे पाठ. रिंग आधी एकटीच सिलिंडरमध्ये घालून तोंडाची फट फिलर गेजने मोजली, पाव एमएमच्या आसपास आली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगांची तोंडं पिनवर, सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) नवीन, जुना परत वापरायचा नाही, दहा रुपयासाठी कोणी इंजिन पणाला लावत नाही. सर्क्लिप बसवताना खाली क्रँकच्या तोंडात चिंधी कोंबा. मी कोंबली होती, तरी एक उडाला, तो बूट ठेवायच्या कपाटामागे मिळाला.

खर्च एकत्र सांगतो. पार्ट सात हजाराच्या आसपास, त्यात पिस्टन २२००, रॉड किट २४००, बेरिंग आणि सील २१००, पॅकिंग सेट ३५०. मिस्त्री दोन हजार. हत्यारं चार हजाराची, पुलर, फिलर गेज, टॉर्क रेंच, इम्पॅक्ट ड्रायव्हर. वाया गेलेलं रॉड किट ११००, आणि तवा. साडेचौदा हजार झाले. एसटीची चार वेळची तिकिटं आणि रस्सा धरला नाहीये. पुण्यावाला २२ म्हणत होता, म्हणजे साताठ हजार वाचले आणि त्यासाठी मे ते सप्टेंबर सगळे रविवार गेले. पैसे वाचवायला कोणी हे करत असेल तर करू नये. रोज वापरायची एकच गाडी असेल तरी करू नये, बस आणि रिक्षातच पैसे संपतील. शेडमध्ये कुलूप लावून चार महिने सामान पसरून ठेवता येत नसेल, लहान पोरं वायसर घेऊन पळत असतील, तर पूर्ण काम एकाच चांगल्या माणसाला द्या, फक्त क्रँक आणि बोअर तो कुठे करून आणतो ते विचारा, कारण बहुतेक मेकॅनिक पण ते अशाच एखाद्या बोळातून करून आणतात.

आणि ज्यांना नुसतं बघायचंय त्यांनी जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुण्यात वगैरे जावा-येझदीवाले जमतात तिथे जावं, चार लोकांशी बोललात तर दहा प्रकारची उत्तरं मिळतील. मला मिळाली, सगळी वेगवेगळी.

चालू कधी झाली ते राहिलं. गणपती गेल्यावर दुसऱ्या रविवारी. पॉइंटची फट ०.४ एमएम, नवीन प्लग, पेट्रोलमध्ये लिटरला ५० मिली ऑइल, रनिंग-इन, म्हणजे नवीन पार्ट सावकाश चालवून मुरवायचा काळ, आहे म्हणून जरा जास्त. मी सतरा किका मारल्या, काही नाही. आण्णा म्हणाले सरक. मी म्हणलं आण्णा पाय जाईल तुमचा. त्यांनी गाडीवर बसून आधी कार्ब्युरेटरचा टिकलर दाबला, पेट्रोल बाहेर ओघळेपर्यंत, जे मी विसरलो होतो, आणि मग मला म्हणाले, "मार आता." दुसऱ्या किकला झाली. दोन्ही सायलेन्सरमधून तो डुग डुग आवाज, धूर होता पण निळसर, पेट्रोल-ऑइलचा, तो असतोच. काकू बाहेर आल्या, डासांचं काही बोलल्या नाहीत.

दुकानाला साडेतीन तारे. कामाला साडेचार, फोन न उचलणं आणि सिलिंडर गंजवणं यासाठी एक वजा. परत क्रँक घेऊन जाईन का, तर हो, त्यांच्याकडेच, पण ऑइलची बाटली घेऊन आणि सोमवार सोडून.

मला स्वतःला तीन. आजपर्यंत ६२० किलोमीटर झालेत, पहिले पाचशे चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेली नाही. पिस्टनचा आवाज नाही, खालून खट खट नाही, गिअर ऑइल मोजून बघितलं, जळत नाहीये. पण गाडी रात्रभर उभी राहिली की क्लच कव्हरखाली रुपयाएवढा डाग पडतो. बरोब्बर तिथेच, जिथे मी स्क्रू ड्रायव्हर घातला होता. पॅकिंगवर सिलिकॉन लावून बघितलं, आठवडाभर थांबलं, परत सुरू. आता कव्हर काढून काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते तोंड घासून सपाट करणार आहे, ह्या रविवारी, पाऊस नसेल तर.